तार गेली, टीटी राहिली

इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीतल्या एखाद्या घरातले पोर जर्मनीला शिकायला निघाले की घरच्यांच्या हाती बँकेचे कागद पडतात. ए-टू नावाचा फॉर्म, पॅन, तिकडच्या विद्यापीठाचे पत्र आणि त्या दिवशीच्या दरांचा तक्ता. तक्त्यात युरोपुढे चार-पाच रकाने असतात. काउंटरवरचा माणूस त्यातल्या एकावर पेनाचे टोक टेकवून सांगतो, “तुम्हाला हा लागणार, टीटी सेलिंग.” टीटी म्हणजे काय, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारण्यासारखे मात्र आहे. टीटी म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर, तारेने पाठवलेले पैसे. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्या शेवटच्या दिवशी तारघरांपुढे रांगा लागल्या, हौसेने स्वतःलाच तारा करणारेही निघाले. बँकेच्या तक्त्यातून मात्र तार अजून हललेली नाही.

पैसे ‘पाठवणे’ हा शब्दच थोडा फसवा आहे. नाणी गोणीत भरली, बैलावर लादली, सोबत हत्यारबंद माणसे दिली, तर ते खरे पाठवणे. बाकी सगळ्या प्रकारांत जातो तो निरोप: इकडे मी घेतले, तिकडे तुम्ही द्या. निरोप पोहोचला, तो खरा निघाला आणि घ्यायला आलेला माणूस तोच आहे अशी खात्री पटली की काम झाले. तारेने यातला पोहोचण्याचा वेळ तेवढा कमी केला. निरोपाचा खरेपणा आणि माणसाची ओळख या दोन गोष्टींची कटकट तारेआधीही होती, आजही आहे. या धंद्यातली सगळी अक्कल खर्ची पडली ती तिथेच.

निमगावहून पश्चिमेला बारामती. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. कवी मोरोपंत याच नाईकांच्या आश्रयाला राहिले, त्यामुळे मराठी वाचकाला हे घराणे आर्येच्या वाटेने ठाऊक असते. पण नाईक मुळात सावकार. बाळाजी विश्वनाथाची मुलगी भिऊबाई बाबूजींच्या भावाला, आबाजी नाईकांना, दिलेली; म्हणजे पहिला बाजीराव या घराचा सोयराही आणि ऋणकोही. मोहिमांच्या खर्चाने तो गळ्यापर्यंत कर्जात होता. १७४० मध्ये बाजीराव वारल्यावर बाबूजींनी शाहू महाराजांपुढे थेट पेशवेपदावरच हक्क सांगितला. पद मिळाले नाही, ते नानासाहेबाकडे गेले. पण सातारच्या दरबारात बारामतीच्या एका सावकाराला तसे तोंड उघडता आले, यावरून पेढीचे वजन लक्षात यावे.

अशा पेढ्यांचा पैसा हुंडीवर फिरे. पुण्याच्या पेढीवर रुपये भरायचे, पेढीवाल्याने सुरतेच्या किंवा काशीच्या आडत्याच्या नावे चिठ्ठी लिहून द्यायची, ती तिकडे दाखवून रोख उचलायची. दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी मिळत ती मुदती. या कामाची मजुरी म्हणजे हुंडणावळ. शिवाय गावोगाव रुपया निराळा, पुण्याचा अंकुशी तर नाशिककडचा चांदवडी, म्हणून वर बट्टा. आज तो शब्द नावाला बट्टा लागण्यापुरता उरला आहे.

हुंडीचा मजकूर जरा जवळून पाहावा. रक्कम एकदा लिहून भागत नसे. रुपये हजार, त्याचे निमे पाचशे, पाचशांची दुप्पट पुरे हजार, अशी ती फिरवून लिहीत, म्हणजे मध्येच एखादे शून्य घुसडायची सोय नाही. हुंडी हरवली तर तिची नक्कल, ती पैठ. पैठही हरवली तर परपैठ. पैसे चुकते झाले की त्या कागदाला खोखा म्हणत आणि तो पेढीवाला जपून ठेवी. सगळ्यात हुशारीची होती ती शाहजोग हुंडी. अनोळखी वाटसरूने ती पुढे केली तर त्याच्या हातावर पैसे पडत नसत. त्याने त्या पेठेतला कोणी शाह, म्हणजे पत असलेला व्यापारी, मध्ये घालायचा. पैसे त्या शाहला मिळायचे आणि माणूस खोटा निघाला तर मान शाहची अडकायची. आता बँका याला केवायसी म्हणतात आणि वीज बिलाची झेरॉक्स मागतात.

ही सगळी भानगड सामान्य माणसाला ठाऊक होती का? असावी. महिपतीने १७६२ साली ‘भक्तविजय’ लिहिला, त्यात नरसी मेहत्याची कथा आहे. द्वारकेला निघालेल्या यात्रेकरूंना वाटेत चोरांचे भय, म्हणून त्यांना हुंडी हवी असते. गावातले टवाळ त्यांना कफल्लक नरसीच्या दारी धाडतात, आणि तो द्वारकेच्या सावळशहाच्या, म्हणजे साक्षात देवाच्या, नावे हुंडी लिहून देतो. कीर्तनात ही कथा रंगायची तर श्रोत्याला हुंडी म्हणजे काय हे आधीच माहीत असायला हवे. पत नसलेल्याने हुंडी लिहावी, यातच तर कथेची गंमत.

माहीत असणे वेगळे आणि हाती असणे वेगळे. भीमा-नीरेच्या दुआबातल्या कुणब्याला हुंडीचा उपयोग नव्हता. त्याच्या घरात कागद यायचा तो दुसऱ्या जातीचा: कर्जरोखा. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमीनमोजणी आणि साऱ्याची नवी पद्धत बसवली, तिची सुरुवात याच इंदापूर तालुक्यातून झाली आणि पुढे ती मुंबई इलाखाभर गेली. सारा रोख भरायचा, पाऊस मात्र बेभरवशाचा. मधली फट सावकार भरून काढी, आणि त्याची किंमत लावी. १२ मे १८७५ रोजी आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर तुटून पडले. दख्खनचा दंगा म्हणून जो प्रकार पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला, त्यात बहुतेक ठिकाणी लोकांना तिजोरीपेक्षा दप्तर हवे होते. रोखे हाती लागले की त्यांची होळी. देहूच्या तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली असे परंपरा सांगते, आणि त्यांच्या पालखीचा एक मुक्काम दर आषाढवारीत निमगाव केतकीला असतो. इथल्या माणसाला कागद बुडवणे आणि कागद जाळणे या दोन्ही गोष्टींचा अर्थ कोणी शिकवायला नको.

दंग्याच्या चौकशीनंतर १८७९ चा शेतकरी कायदा आला: रोखे नोंदवायचे, सावकाराने पावती द्यायची, कोर्टाने कर्जाचा मागचा हिशेब तपासायचा. आणि त्याच्या पाठोपाठ, १ जानेवारी १८८० ला, पोस्टाने मनीऑर्डर हाती घेतली. दोन्हींचा एकमेकांशी सरकारी संबंध काही नाही. पण एका खेड्यातून पाहिले तर काही महिन्यांच्या आत कागदाची दोन नवी रूपे दिसली, एक सावकाराला बांधणारे आणि दुसरे सावकाराला ओलांडून जाणारे.

मनीऑर्डरीकडे वळण्याआधी तार कुठवर आली होती ते पाहायला हवे. विल्यम ओशॉनेसी नावाचा कंपनीचा डॉक्टर, गांजाचे औषधी गुण युरोपच्या डॉक्टरांना सांगणारा, त्याने १८३९ साली कलकत्त्याजवळ तारेचा पहिला प्रयोग केला. डलहौसीने पुढे देशभरच्या तारेचे काम त्याच्याच गळ्यात घातले. मुंबई आणि पुणे १८५४ मध्ये तारेने जोडले गेले. तारेपाठोपाठ डिसेंबर १८५८ मध्ये रेल्वेही पुण्याहून इंदापूर तालुक्यातल्या डिकसळपर्यंत येऊन थांबली. जवळजवळ वर्षभर डिकसळ हेच या मार्गाचे शेवटचे स्टेशन होते.

सुरुवातीला तार सामान्यांची नव्हतीच. सोळा शब्दांना चारशे मैलांपर्यंत रुपया पडे, आणि रुपया ही तेव्हा मजुराची बऱ्याच दिवसांची कमाई. तार वापरली ती सरकारने आणि कापूस-अफूच्या व्यापाऱ्यांनी. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत समुद्रतळाशी तार टाकली, आणि जूनपर्यंत मुंबई समुद्राखालून थेट इंग्लंडशी जोडली गेली. अमेरिकन यादवीच्या काळात लिव्हरपूलचा भाव मुंबईला आगबोटीने कळे आणि तेवढ्या दिवसांत माणसे लखपती व्हायची किंवा बुडायची. आता भाव त्याच दिवशी. भाव जर तारेने येतो तर पैसे का जाऊ नयेत, हा विचार दोन्ही बाजूंना सुचणारच होता. बँका तारेने एकमेकींना कळवू लागल्या: अमुक इतके पौंड आमच्या खात्याला नावे टाका, तमक्याला द्या. हीच ती टीटी.

यातली मेख अशी की तारेला सही नसते. हुंडीवरचे अक्षर आडत्या ओळखे. कडकट्ट करून आलेल्या तारेला ना अक्षर, ना शाई, ना शिक्का. तारबाबूने दोन आकडे इकडचे तिकडे केले तरी कळायचे नाही, आणि मनात आणले तर आख्खी तार बनावट धाडता यायची. यावर बँकांनी तोड काढली ती गुप्त आकड्याची. रक्कम, तारीख, चलन आणि शाखा या प्रत्येकाला ठरीव अंक, ते कुलपातल्या वहीत; बेरीज करून येणारा आकडा तारेच्या मजकुरात घालायचा. पलीकडच्या शाखेत दुसरा अधिकारी आपली वही काढून तीच बेरीज करायचा. जुळली तर पैसे. हजार रुपये, निमे पाचशे, दुप्पट हजार: हुंडीवाल्याची ती जुनी खोड नव्या वेषात.

अमेरिकेत हेच काम बँकेच्या बाहेर पडले. वेस्टर्न युनियन ही तारकंपनी. १८५१ मध्ये रॉचेस्टर गावात वेगळ्या नावाने निघाली आणि १८५६ मध्ये तिने हे नाव घेतले. ऑक्टोबर १८६१ मध्ये तिची तार अमेरिकेच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली आणि दोन दिवसांत घोड्यावरून टपाल नेणारी पोनी एक्स्प्रेस बंद पडली. १८७१ मध्ये तिने पैसे पाठवण्याची सेवा काढली. एका तारघरात रोख भरायची, तारबाबूने सांकेतिक शब्दांत पलीकडच्या तारघराला कळवायचे, घेणाऱ्याने ठरलेली खूण सांगून रोख उचलायची. ना खाते लागे, ना पत. पुढे टेलिफोनने तारेचा जीव घेतला, तरी ही जोडसेवा वाढतच गेली, आणि २७ जानेवारी २००६ ला वेस्टर्न युनियनने तार पाठवणे कायमचे थांबवले तेव्हा कंपनीत तारेची आठवण म्हणून पैसेच राहिले होते.

आपल्याकडे ते काम पोस्टाने केले. मनीऑर्डर, आणि १८८० च्याच दशकात तिची घाईतली बहीण, तार मनीऑर्डर. घाई नसेल तर फॉर्म टपालाने जाई. घरात दुखणे, लग्न, कोर्टाची तारीख असेल तर वर तारेचा खर्च भरायचा आणि निरोप तारेने सुटायचा. जिथे तारघर नाही अशा गावी तो जवळच्या तारघरापर्यंत तारेने आणि पुढे डाकवाल्याच्या पायांनी पोहोचे. गावात ‘तार आली’ म्हटले की उघडण्याआधीच बायका रडू लागत, असा तो काळ. पैशाची तार ही एकच तार होती जिला कोणी भीत नसे.

या सेवेचा खरा धनी गिरणगाव. मुंबईच्या खोलीत दहा-पंधरा गाववाले पथारी टाकून राहायचे, खानावळीत जेवायचे, पगार झाला की पोस्टाच्या खिडकीशी उभे राहायचे. रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरवर चालतो असे म्हणण्याची पद्धतच पडली. घाटावरच्या सातारा-पुण्याच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसेही त्या रांगेत होती. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या, कूतच्या वेढ्यात सापडल्या त्याही. परदेशी पगारातले पैसे दख्खनच्या खेड्यात येण्याची ही पहिली मोठी लाट म्हणायला हरकत नाही, आणि ते आणून देणारा होता गावचाच पोस्टमन.

मनीऑर्डरीच्या फॉर्मला खाली एक कूपन असे. पैसे पाठवणाऱ्याने त्यावर चार शब्द लिहायचे. पोस्टमन ते फाडून घेणाऱ्याला द्यायचा. जागा दोन बोटे. त्यात बाप लिहून जायचा: वीस रुपये वाण्याचे द्या, पोराची फी भरा, गाय विकू नका. वाचता येत नसेल तर पोस्टमनच मोठ्याने वाचे, म्हणजे शेजारपाजारलाही गाय विकायची नाही हे कळे. मग शाईचे पॅड निघायचे, म्हातारीचा डाव्या हाताचा अंगठा फॉर्मवर दाबला जायचा, बाजूला ‘निशाणी डावा अंगठा’ आणि साक्षीदाराची सही. पोस्टमन त्या घराच्या सुना-नातवंडांना नावाने ओळखत असे. शाहजोग हुंडीतल्या शाहचे काम आता खाकी कपड्यातला माणूस करत होता, आणि हमी पेढीची नसून सरकारची होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि ती कूपने गावाकडे येईनाशी झाली.

पुढचे टप्पे भराभर सांगून टाकता येतात, कारण ते वाचकाच्या डोळ्यांदेखत घडले. १९७३ मध्ये ब्रुसेल्सला बँकांनी मिळून एकमेकींना निरोप धाडायला स्विफ्ट काढली, १९७७ मध्ये ती चालू झाली, १९९१ मध्ये भारतीय बँका तिच्यात आल्या. गुप्त आकड्यांच्या वह्या कपाटात गेल्या. २००१ मध्ये भारतीय पोस्टाने वेस्टर्न युनियनशी करार केला, आणि ज्या खिडकीत मनीऑर्डर भरली जाई तिथे परदेशातले पैसे मिळू लागले. सांकेतिक शब्दाच्या जागी दहा आकडी नंबर आला. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की या वाटेने एका वेळी २,५०० डॉलरपर्यंत आणि एका माणसाला वर्षात तीस वेळाच पैसे यावेत, आणि रोख ५० हजार रुपयांपर्यंतच द्यावी. जागतिक बँकेच्या अंदाजाने २०२४ मध्ये परदेशातल्या भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर घरी पाठवले, जगात सर्वाधिक. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत अशा पैशांतला २०.५ टक्के वाटा महाराष्ट्राचा, केरळच्याही किंचित पुढे. फेब्रुवारी २०२३ पासून सिंगापूरहून तर मोबाइल नंबरवर पैसे येतात.

निमगावच्या पानमळ्यांत हा बदल वेगळ्याच बाजूने दिसतो. विड्याचे पान नाशवंत. तोडले की गाडीत, गाडीतून लांबच्या बाजारात. शेतकरी पैशाची नव्हे, ‘पट्टी’ची वाट पाहतो: आडत, हमाली, गाडीभाडे वजा जाता हाती काय आले, तो हिशेबाचा कागद. आता रक्कम खात्यावर आधी येते आणि पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर नंतर. व्यवहार मात्र अजून आडत्याच्या शब्दावर, आणि आडत्या हा शब्दही हुंडीच्या जगातलाच.

अंगठा तर परतच आला आहे. १ सप्टेंबर २०१८ ला पोस्टाची पेमेंट बँक सुरू झाली. पोस्टमन आता छोटे यंत्र घेऊन दारात येतो, आधार नंबर टाकतो आणि म्हातारीचे बोट काचेवर ठेवायला सांगतो. जन्मभर खुरपे धरलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र एकदा नाही म्हणते, दोनदा नाही म्हणते. बोट पुसून, ओले करून, दुसरे बोट लावून पाहायचे. जुन्या पोस्टमनला तिचा चेहरा पुरत असे. वेग, खर्च, चोख हिशेब या सगळ्यांत नवी पद्धत सरस आहे, यात वाद नाही. ओळख पटवण्याच्या बाबतीत मात्र ती शंभर वर्षांपूर्वीच्या खाकी शर्टापेक्षा सरस आहे, असे छातीठोकपणे म्हणवत नाही.

आणि पैशाची दिशाही पालटते आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने भारतात राहणाऱ्या माणसाला वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर पाठवायची मुभा दिली; आज ती अडीच लाख डॉलर आहे. एकेकाळी मुंबईची, बसऱ्याची मनीऑर्डर ज्या दारात येई, त्याच दारातून आता पोराची फी परदेशी जाते. फी गेल्यावर पोरगा फोन करतो, “स्विफ्ट कॉपी पाठवा.” बाप बँकेतून ती आणतो: एका पानावर रक्कम, तारीख, दोन बँकांची नावे, एक नंबर. कूपनासारखी चार शब्द लिहायची जागा त्यावर नसते.

नाईकांसारख्या घराण्यांचे कागद दप्तरखान्यांतून जपले जातात आणि त्यांवर पीएचड्या होतात. गिरणीत राबलेल्या माणसाच्या दोन बोटे कूपनाला असा दप्तरखाना नाही. ते असलेच तर आजीच्या ट्रंकेत, पोथीच्या पानांत किंवा देव्हाऱ्यामागच्या डब्यात असेल. या दिवाळीला घर आवरताना हाती लागले तर रद्दीत घालू नका. मागचा पोस्टाचा शिक्का आणि तारीख वाचा, आणि गाय विकली की नाही हे घरातल्या थोरल्या माणसाला विचारून कूपनाच्या मागे लिहून ठेवा.